एकही खिळा नाही

आमच्या यांना खोक्यांच्या कारखान्यात सगळे 'ठप्पा' म्हणतात. मागून नाही, तोंडावर. आणि यांना त्याचा राग येत नाही. उलट कुणी हाक मारली की यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे जातो, हे मला जास्त खटकतं.

आता ठप्पा म्हणजे काय ते सांगते. यांच्या कारखान्यात लाकडी खोकी बनतात. त्यात यंत्रांचे सुटे भाग भरून जहाजानं परदेशी पाठवतात. परक्या देशांना आपले सुटे भाग हवे असतात, पण आपले किडे नको असतात. लाकडाच्या पोटात भिरूड किडा असतो, त्याची अळी खोक्यात बसून फुकटात समुद्र ओलांडते आणि तिकडच्या जंगलांचा फडशा पाडते. म्हणून खोक्याचं लाकूड आधी तापवायचं, आतली अळी मेली याची खात्री करायची आणि मगच त्यावर ठप्पा मारायचा. तो मारायचा अधिकार अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाला आहे, आणि त्या माणसाशी माझं लग्न झालंय. ठप्पा यांच्या खिशात असतो. दोनदा तो शर्टाबरोबर धुतला गेला. दोन्ही वेळा मी माफी मागितली, ती ठप्प्याची.

पूर्वी लाकूड तापवायला भट्टी होती. तासन् तास चालायची, फळ्या वाकायच्या, तडकायच्या. मग मशीन आलं. घरात असतो तोच मायक्रोवेव्ह, फक्त कपाटाएवढा, पोलादी, जाड दाराचा. भट्टी मोडून भंगारात गेली आणि काही महिन्यांनी हे मशीनवर गेले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात यांनी मला मशीन समजावून सांगितलं. इतर नवरे त्या दिवसांत काय बोलतात ते मला ठाऊक नाही. "लाकूड कोरडं असतं, अळी ओली असते," हे म्हणाले. "लहरी ओल्याला आधी गाठतात. साठ अंश, एक मिनिट, पण आरपार. कडेला साठ आणि मध्ये चाळीस, असं चालत नाही." तेव्हापासून घरात चहा केला की कप हातात घेऊन हे पहिला प्रश्न विचारतात, "आरपार तापलाय ना?"

आमच्या घरात मात्र मायक्रोवेव्ह नाही. मी एकदा मागितला होता. "त्यात काय काय मरतं ते मी रोज बघतो," हे म्हणाले, "त्यात भात नको." दिवसाला हजारो अळ्या शिजवणारा हा माणूस साखरेच्या डब्यात मुंगी दिसली तर तिला कागदावर घेऊन अंगणात सोडून येतो. आणि मी फुंकर मारली तर माझ्याकडे असं बघतो, की मीच काय ती हत्यारीण.

यांच्याकडे डॉक्टरांची असते तसली कानात घालायची नळी आहे, स्टेथोस्कोप. तो फळीला लावायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. अळी लाकूड कुरतडते त्याचा आवाज येतो म्हणे. लग्नानंतर हे पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा जेवण झाल्यावर खिशातून नळ्या काढल्या आणि माझ्या वडिलांच्या कपाटाला लावल्या. वडील बघत राहिले. "खालच्या फळीत दोन आहेत," हे म्हणाले आणि हात धुवायला गेले. जावई कसा आहे म्हणून शेजारी विचारायचे, तेव्हा आई विषय बदलायची.

पण खोटं म्हणून नाही यांच्यात. एकदा ट्रक दारात उभा, मशीन बिघडलेलं, मालक हातापाया पडतोय, एवढा एक लॉट तसाच जाऊ दे. हे ठप्पा खिशात घालून, खिशावर हात ठेवून स्टुलावर बसून राहिले. ट्रक दोन दिवस उभा राहिला. मालकानं आकाशपाताळ एक केलं, पण यांना काढून टाकलं नाही. असला माणूस पुन्हा कुठं मिळणार, हे त्यालाही कळत असावं. मला मात्र असला माणूस मिळून गेलेला होता.

यांनी हे काम धरलं त्याला कारण मामंजी. माझे सासरे. मामंजी सुतार, आणि सुतार म्हणजे साधे नव्हेत. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कपाटं, टेबलं, जिने केले. पोराला शिकवायला घेतलं तर पोराचा रंधा वाकडा जायचा, पटाशी सटकायची. वर्षभरानं मामंजींनी रंधा काढून घेतला आणि म्हणाले, "लाकूड वाया घालवू नकोस, दुसरं काहीतरी बघ." यांनी दुसरं काहीतरी बघितलं. मामंजी त्याला काम म्हणत नसत. कुणी विचारलं मुलगा काय करतो, तर म्हणायचे, "लाकडं भाजतो." बावीस वर्षांत एकदाही ते कारखान्यात गेले नाहीत. हे मूग गिळून बसायचे, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि मामंजींची खुर्ची! अक्रोडाच्या लाकडाची, लग्नाच्या आधी केलेली, कारागिरांच्या स्पर्धेत पहिली आलेली. ती आमच्या घराच्या दारातच, बोळात, अशी ठेवलेली की येणाऱ्याजाणाऱ्यानं अंग चोरूनच आत यावं. आणि आला की त्याची सुटका नाही. "हात लावून बघा. उलटी करा. सगळं सांध्यात बसवलंय, एकही खिळा नाही." दूधवाल्याला सांगून झालं, मीटर बघणाऱ्याला सांगून झालं. रक्तदाब मोजायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना सुद्धा गुडघ्यावर बसवून खालून हात फिरवायला लावला. पोस्टमन तर पत्र फेकून पळायचा. एकोणीस वर्षं हे वाक्य मी रोज ऐकलं. त्याशिवाय आमच्या घरातलं प्रत्येक दार कुणी बसवलं, का बसवलं आणि बसवणाऱ्याला काय करायला हवं, हेही ऐकलं.

म्हणून वन्संचा फोन आला तेव्हा मला काय वाटलं ते उगाच लपवत नाही. वन्सं, म्हणजे यांची बहीण, समुद्रापलीकडे असतात. दर रविवारी फोन करून बाबांची आठवण काढतात, फोनवरच. या वेळी म्हणाल्या, "बाबांना आता माझ्याकडे पाठवा, कायमचं." मी म्हटलं, "अहो, आम्हाला सोडून त्यांना करमेल का?" आणि आतून मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. मामंजी विचार करून म्हणाले, "खुर्ची येत असेल तर येतो." दुसऱ्याच दिवशी ते अंघोळीला गेल्यावर मी त्यांच्या खोलीच्या खिडकीचं माप घेतलं. निळे पडदे लावणार होते.

खुर्ची न्यायची म्हणजे तोच नियम. लाकडाची वस्तू, आत कीड नको, वर ठप्पा हवा. आमच्या घरात ठप्पा तर दोरीवर वाळत असतो. मला वाटलं, झालंच काम.

चारच दिवसांनी झाडताना खुर्चीखाली पिठासारखी बारीक रास दिसली. मला वाटलं बिस्किटाचा चुरा. मी रागानं झाडू आपटला, तोवर हे वाकले, बोटानं ती भुकटी उचलली, हुंगली आणि काही न बोलता नळ्या आणायला गेले. खुर्चीच्या पाठीला लावल्या, डोळे मिटले.

"आहेत," हे म्हणाले.

"किती?"

"बरेच बोलतायत."

मामंजी लाल झाले. "माझ्या खुर्चीला कीड? शक्य नाही. आणि माझ्या खुर्चीला नळ्या लावू नकोस, ती काय पेशंट आहे?"

मी यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, मारा की ठप्पा. तिकडे कोण फोडून बघतंय?"

यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मामंजींनाच खोक्यात घालून पाठवा म्हटलं. "आत जिवंत आहेत," एवढंच म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, सोमवारी मशीन साफसफाईसाठी रिकामं असतं, मालकाला विचारलंय, खुर्ची अख्खी आत बसते, मशीनमधून काढू.

माझ्या तोंडचं पाणी तिथेच पळालं, पण मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा हं, एखादा खिळा असला लाकडात, तर?"

"तर संपलं," हे म्हणाले. आणि त्यांनी मला आधीच्या ऑपरेटरची गोष्ट सांगितली. फळीत एक छोटी पिन राहिली होती, वहीला असते तेवढी. आत ठिणग्या उडाल्या, फळी पोटातून जळाली, मशीनचं काळीजच करपलं. दीड महिना कारखाना बंद, आणि ऑपरेटर त्याच संध्याकाळी घरी. तेव्हापासून डिटेक्टर आला. टूंटूं करणारी दांडी आहे, ती प्रत्येक फळीवरून फिरवायची, मगच आत. बावीस वर्षांत यांनी एकही फळी तशी आत घातलेली नाही.

"खुर्चीवरून पण फिरवाल ना?" मी विचारलं.

"अर्थात."

मी उगाच ओटा पुसायला घेतला. कारण त्या खुर्चीत खिळा होता, आणि तो मी मारला होता.

अकरा वर्षं झाली त्याला. मागचा डावा पाय ढिला झाला होता. मामंजी बसले की कुई, उठले की कुई, हसले की कुई. दिवसभर. मी सांगितलं की म्हणायचे, "लाकूड श्वास घेतं." मग ते मोतीबिंदूसाठी चार दिवस दवाखान्यात होते, तेव्हा मी भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा उपटला. हातोडी त्यांच्या पेटीत, पेटीला कुलूप, म्हणून खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि दिला ठोकून. दोन इंची खिळा. वाकडा गेला, पण गेला. वर मेणबत्तीचं मेण भरलं आणि बुटाचं पॉलिश चोळलं. कुई बंद. मामंजी परत आले, बसले, काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी भेटायला आलेल्या शेजाऱ्याला म्हणाले, "एकही खिळा नाही." मी चहा ठेवायला आत गेले.

आता डिटेक्टर ओरडला की माझी चोरी उघडी पडणार, मामंजींची अब्रू जाणार, आणि पहिलं म्हणजे खुर्ची राहणार. खुर्ची राहिली की मामंजी राहणार. कायमचे. मी ठरवलं, रविवारी दुपारी मामंजी झोपले की पक्कड घेऊन खिळा उपटून टाकायचा. पण मामंजी दुपारी झोपतात कुठे? खुर्चीत! मी पक्कड पदराआड धरून दोन तास बोळात उभी होते. जाग आल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, काही हवंय का?"

संध्याकाळी यांनी डिटेक्टरचं नाव काढलं आणि मामंजींचा तोल गेला. "माझ्या खुर्चीत खिळे शोधणार? तू? रंधा धरता येत नाही तो? साठ वर्षं जगाला सांगतोय, एकही खिळा नाही. त्या खुर्चीवरून ती दांडी फिरवलीस तर मी जात नाही तिकडे, आणि खुर्चीही जात नाही."

मला वाटलं हे नेहमीसारखे खिशावर हात ठेवून बसतील. मालकाला न बधलेला माणूस तो. पण हे म्हणाले, "बाबा म्हणतात नाही, म्हणजे नाही."

बावीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही नेमकं तेव्हा, जेव्हा खिळा होता!

सोमवारी मी पण निघाले. "तुझं काय काम?" मामंजींनी विचारलं. मी म्हटलं, "कारखाना बघायचाय." मामंजी आले ते खुर्चीला पोचवायला. आत आल्याबरोबर एका तयार खोक्यावर टेकले आणि त्यावर हात फिरवून नाक मुरडलं. "खिळे! नुसते खिळे!"

"ते ठप्प्यानंतर मारतात बाबा," हे म्हणाले. "ठप्प्यानंतर काही मारा, नियम नाही."

खुर्ची मशीनमध्ये गेली. आत दिव्याच्या उजेडात ती एवढीशी दिसत होती. डिटेक्टर भिंतीला टांगलेला होता. हे त्याच्याकडे एकदा बघून पुढे आले आणि दार लावलं. कडी घातली. मी मनात म्हणत होते, आता सांग. आणि दुसरं मन म्हणत होतं, गप्प बस, एखादे वेळी काही होणार नाही, एवढासा तर खिळा. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या मनाचं मी बराच वेळ ऐकलं. मग यांनी हिरव्या बटणाकडे हात नेला, आणि मला दिसलं की दुसऱ्या हातानं यांनी खिशातला ठप्पा घट्ट धरलाय. दोन्ही डोळे मिटून फळीचं ऐकणारा हा माणूस, बापाच्या एका शब्दासाठी स्वतःची भाकरी पणाला लावून उभा होता.

"थांबा!" मी ओरडले. "खिळा आहे!"

अंगठा बटणापासून बोटभर अंतरावर थांबला.

"कुठे?" यांनी विचारलं.

"मागच्या डाव्या पायात. दोन इंची. कॅलेंडरचा."

"कुणी मारला?"

"मी."

मामंजींकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मागून त्यांचाच आवाज आला, अगदी शांत. "वाकडा मारलास."

मी वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"दवाखान्यातून आलो त्या दिवशीच. बसल्याबरोबर कळलं. मेणबत्ती आणि बुटाचं पॉलिश. चार दिवस वास येत होता."

"मग बाबा," यांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता, "माहीत होतं तर खुर्ची आत कशी जाऊ दिलीत?"

"एका खिळ्यानं तुझ्या भट्टीला काय होणार?"

मामंजींना वाटत होतं ही भट्टीच आहे. बावीस वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि डिटेक्टरचं नाव काढल्याबरोबर भडकले म्हणून यांना सांगायला मिळालं नव्हतं. यांनी आता सांगितलं. पिन, ठिणग्या, पोटातून जळालेली फळी, त्याच संध्याकाळी घरी गेलेला ऑपरेटर. मामंजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी म्हणाले, "आण ती दांडी."

खुर्ची बाहेर आली. हे दांडी फिरवायला लागले. मागचा डावा पाय, टूं. तो माझा. मी मान खाली घातली. दांडी वर सरकली. उजवा हात, टूं.

"हा माझा नाही!" मी म्हटलं.

यांनी नखानं खरवडलं. पितळेचा बारीक खिळा, वर लाख भरलेली. मामंजी जवळ आले, त्यावर अंगठा ठेवला. "हा तुझ्या आईचा. मी एकदा रागानं खुर्ची आपटली होती, हात निखळला. दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर नीट. बाहेर कुणाला तरी सांगत होतो, एकही खिळा नाही. ती आतून म्हणाली, नाहीच मुळी."

दांडी पाठीच्या आडव्या पट्टीवर गेली. टूं, आणि लगेच पुन्हा टूं. दोन छोट्या चुका, म्हणजे बारके खिळे. मामंजी माझ्याकडे बघायला लागले, मी यांच्याकडे. हे कानापर्यंत लाल झाले होते. बावन्न वर्षांचा माणूस, खिशात ठप्पा, आणि म्हणतो कसा, "चौथीत होतो. पाठीवर चढलो होतो. पट्टी निघाली... विसरूनच गेलो होतो बाबा."

मला हसू येणार होतं, पण दांडी अजून फिरत होती. यांनी खुर्ची उलटी केली. बैठकीच्या खाली, मधल्या दांड्यापाशी, टूं, टूं, टूं. तीन. चौकोनी डोक्याचे, जुन्या घडणीचे, आतून बसवलेले. बैठक बसवायच्या आधीच मारता येतील असे. तिथे आमच्यापैकी कुणाचा हात पोचला नसता, कारण ते मारले गेले तेव्हा आमच्यापैकी कुणी नव्हतंच.

कारखान्यात कुठेतरी करवत चालू होती.

"घाई होती," मामंजी म्हणाले. "दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती."

एकूण सात खिळे. मी मनात मोजले. वन्संचा एकही निघाला नाही, म्हणून खुर्चीवर त्यांचं प्रेम सगळ्यात स्वच्छ.

आणि पेच तर बघा. खिळे ठेवले तर किडे जगणार, खिळे काढले तर खुर्ची मरणार. मामंजी खोक्यावर बसून होते. मला वाटलं आता म्हणतील, चला घरी, मी कुठे जात नाही. त्याऐवजी त्यांनी पोराला विचारलं, "सुटे भाग चालतात का तुझ्या मशीनला?"

"चालतात."

"मग काढू."

पुढचे तीन आठवडे आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पंधरा वर्षं बंद असलेली पेटी उघडली. मामंजींनी खिळे एकेक करून उपटले, खुर्ची सांध्यासांध्यानं सोडवली. वन्संना तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. भुसा घरभर, सरसाचा वास स्वयंपाकात, आणि मी दिवसातून सहा वेळा चहा. निळं कापड आणून ठेवलेलं होतं, ते मी कपाटात वर टाकलं. मामंजी नव्या खुंट्या तासायचे आणि हे धरायचे. "सरळ धर. सरळ म्हणजे कळतं का तुला?" यांच्यावर आरडाओरडा. माझ्यावर पण, मी दिवा धरत होते म्हणून. सुटे भाग आणि खुंट्या, सगळं कारखान्यात जाऊन डिटेक्टरखालून, मशीनमधून आलं. तिसऱ्या खेपेला मामंजी पुन्हा बरोबर गेले होते. मशीनमधून निघालेला पाय अजून गरम होता. मामंजींनी हात पुढे केला, "त्या नळ्या दे."

नळ्या कानात घालून त्यांनी कितीतरी वेळ ऐकलं. मग आत न गेलेला दुसरा पाय घेऊन ऐकलं. मग पुन्हा पहिला.

"मेले की झोपलेत?"

"मेले. साठ अंश, आरपार."

"हं," मामंजी म्हणाले. नळ्या काढून नीट गुंडाळल्या आणि परत दिल्या. "हे काम बरं आहे."

हे मला मागून कळलं, यांनी सांगितलं म्हणून. त्या संध्याकाळी यांनी पूर्ण गार झालेला चहा प्यायला आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

खुर्ची पुन्हा उभी राहिली तेव्हा मामंजी तिच्यात बसले, मागे रेलले, पुढे झुकले. कुई नाही. "आता खरंच एकही खिळा नाही," ते म्हणाले, पण आम्हालाच, हळू. दूधवाला आला होता, त्याला काही सांगितलं नाही. यांनी खुर्ची उलटी करून, जिथे ते तीन खिळे होते तिथे ठप्पा मारला. दुसऱ्या दिवशी खोकं आलं, खुर्ची भरली, आणि आठवड्यानं मामंजी गेले. निघताना मी वाकून नमस्कार केला. एकोणीस वर्षांनंतर काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मागचं दार नीट लावत जा, ते अडकतं." मी आत येऊन भांडी आपटली.

त्यांच्या खोलीत फडताळावर एक डबी होती. उपटलेले खिळे होते त्यात, पुसून ठेवलेले. तीन चौकोनी डोक्याचे, एक पितळेचा, दोन छोट्या चुका. सहा. मी डबी उलटी केली, फडताळ झाडलं, पलंगाखाली बघितलं. माझा नव्हता. सगळ्यांचे जपून ठेवले आणि सुनेचा तेवढा फेकून दिला! मला इतकं लागलं म्हणून सांगू, की मी यांना पण सांगितलं नाही. निळं कापड तसंच घडी घातलेलं राहिलं. बोळ मोकळा झाला होता, माणसं सरळ आत यायला लागली, आणि मी मात्र अजून अंग चोरूनच जात होते.

परवा रविवारी वन्संचा फोन आला. आवाज रडवेला.

"वहिनी, बाबांना तुम्हीच सांगा काहीतरी. येईल त्याच्यासमोर खुर्ची उलटी करतात. माझ्या नवऱ्याचे साहेब जेवायला आले होते, त्यांना गुडघ्यावर बसवलं."

"एकही खिळा नाही म्हणत असतील," मी म्हटलं.

"ते कुठे? आधी खालचा ठप्पा दाखवतात. म्हणतात, हा माझ्या मुलाचा. आणि मग मागचा डावा पाय. म्हणतात, अख्ख्या खुर्चीत एकच खिळा आहे, आणि तो माझ्या सुनेचा."

मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मी फोनवर हात ठेवला. हे समोर पेपर वाचत होते.

"अहो, माझा खिळा परत मारला मामंजींनी? तुम्हाला माहीत होतं?"

"खोकं भरायच्या दिवशी सकाळी मारला," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "त्याच भोकात."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"ठप्प्यानंतरचा आहे. माझ्याकडे येत नाही."

डोळे भरून आले आणि रागही आला, दोन्ही एकदम, आणि या बाप-लेकांना धरून गदागदा हलवलं तरी काही उपयोग नाही. फोनमध्ये वन्सं बोलतच होत्या. "...आणि वाकडा आहे हो, वाईट दिसतो. इथे एक चांगला सुतार आहे, त्याच्याकडून गुपचूप काढून घेऊ का?"

"वन्सं," मी म्हटलं, "त्या खिळ्याला कुणी हात लावला ना, तर मी स्वतः येईन तिकडे. बत्ता घेऊन."